पोटातली कळ आणि घरातली लपवाछपवी

आषाढ अमावास्येला आपल्याकडे दिव्यांची पूजा होते. घरातल्या समया-निरांजने घासूनपुसून पाटावर मांडतात, कणकेचे दिवे उकडतात. त्याच दिवशी दुसरीही एक ‘पूजा’ होते आणि तिच्यासाठी लोकांनी या अमावास्येला गटारी हे वेगळेच नाव दिले आहे. श्रावण पाळायचा, म्हणून त्याआधी सगळे उरकून घ्यायचे, मटणही आणि बाटलीही, हा तिचा विधी. दोन वर्षांपूर्वी त्या रात्री माझे साडू कंपनीतल्या मित्रांबरोबर वाळूजकडे जेवायला गेले आणि पहाटे तीनला पोट धरून उठले.

पुढे कोणत्याही घरात जे होते तेच झाले. मेव्हणी म्हणाली, पित्त झाले असेल. लिंबू-सोडा झाला, ओवा झाला, पित्ताच्या गोळ्या झाल्या. साडूंच्या आईने बेंबी सरकली म्हणून तेल लावून पोट चोळून पाहिले. उलट्या थांबेनात. कळ बरगड्यांच्या खाली सुरू होऊन थेट पाठीत जात होती. उताणे निजवत नव्हते. गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसले की तेवढ्यापुरता उतार पडे. दुपारी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, त्याने दोन तास बरे वाटले. शेवटी संध्याकाळी सात वाजता आम्ही त्यांना रुग्णालयात नेले तेव्हा नाडी १३० वर होती आणि सकाळपासून लघवी झालेली नव्हती. हिशेब केला तर १६ तास आम्ही घरातच घालवले होते.

रक्ताची तपासणी आली, सोनोग्राफी झाली. निदान होते स्वादुपिंडाचा तीव्र दाह. डॉक्टर मंडळी त्याला पॅन्क्रिएटायटिस म्हणतात.

हे स्वादुपिंड म्हणजे नेमके काय, हे त्या रात्री बाकावर बसलेल्या आम्हा सहा जणांपैकी एकालाही धड सांगता आले नाही. काळीज, मूत्रपिंड, जठर हे अवयव आपल्या बोलण्यात असतात. खाटकाच्या दुकानातही कलेजी मिळते, गुर्दा मिळतो, भेजा मिळतो, वजडी मिळते. या बिचाऱ्या पिंडाला मात्र स्वयंपाकघराच्या मराठीत नावच नाही. ‘स्वादुपिंड’ हा शब्द पाठ्यपुस्तकातून आला आणि तिथेच राहिला. हिंदीत त्याला अग्न्याशय म्हणतात, ते अधिक अर्थपूर्ण वाटते. आपल्या शहरातल्या उर्दू बोलणाऱ्या घरांत त्याला ‘लबलबा’ असा गमतीदार शब्द आहे. ज्याला नावच नाही त्याचे दुखणे कोणाच्या ध्यानात येणार? म्हणून पोटाच्या वरच्या भागातले प्रत्येक दुखणे आपण ‘पित्ता’च्या खात्यावर टाकून मोकळे होतो.

जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला आडवा पडलेला, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा हा अवयव आहे. पाठीत कळ जाते ती यामुळेच. तो दोन नोकऱ्या करतो. एक म्हणजे इन्सुलिन तयार करून रक्तातली साखर सांभाळणे, ही आता बहुतेकांना माहीत झाली आहे. दुसरी म्हणजे रोज लिटर-दीड लिटर पाचकरस आतड्यात सोडणे. हा रस मांस, चरबी, पिष्ट सगळे पचवतो. आता प्रश्न असा की जो रस मटण पचवतो, तो स्वतः ज्या मांसपिंडात तयार होतो त्यालाच का पचवीत नाही? निसर्गाने त्याची व्यवस्था केली आहे. हे रस पिंडात असतात तेव्हा निद्रिस्त असतात, आतड्यात पोचल्यावरच जागे होतात. काही कारणाने ते आतल्या आतच जागे झाले की पिंड स्वतःलाच पचवू लागते. तीव्र दाह म्हणतात तो हा. बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८९ मध्ये या आजाराचे पहिले नीट वर्णन केले. १९०१ मध्ये अमेरिकेतल्याच यूजीन ओपी यांनी एका मृत रुग्णाच्या शवविच्छेदनात पित्ताचा खडा नळीच्या तोंडाशी अडकलेला पाहिला आणि निम्म्या कोड्याचा उलगडा झाला. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी बहुधा एकाच तोंडाने आतड्यात उघडतात. तिथे खडा अडकला की दोन्ही घरांची वाट बंद.

उरलेल्या कोड्याचे उत्तर आहे दारू. जगभरात या आजाराची बहुतेक खापरे या दोघांच्याच डोक्यावर फुटतात, खडा आणि दारू. बाकीची कारणे तशी पुष्कळ आहेत. रक्तातले ट्रायग्लिसराइड १००० च्या वर गेले तर दाह होतो, काही औषधांनी होतो, गालगुंडाने होतो. वैद्यकीय विद्यार्थी पाठ करतात त्या यादीत विंचवाचेही नाव आहे. पण तो वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादचा विंचू. आपल्याकडचा लाल विंचू हृदयावर घाला घालतो आणि त्याच्यावर उपाय शोधण्यासाठी आपल्याच जालना जिल्ह्यात जन्मलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आयुष्य वेचले. हे जाता जाता सांगितले, कारण त्या रात्री आमच्यातल्या एका पाहुण्याने ‘काही चावले तर नसेल?’ अशी शंका काढली होती. खरे कारण सोडून आम्ही सगळे सगळ्या शंका काढत होतो.

त्या रात्री ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘दारू घेतात का?’

‘नाही हो डॉक्टरसाहेब,’ मेव्हणी म्हणाली.

‘माझं लेकरू तसलं काही करीत नाही,’ साडूंची आई म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली मान घातली. सोळा वर्षे मी हे पाहात होतो. आठवड्यातून दोन दिवसांचे चार झाले, चाराचे रोज झाले. पण बायको समोर, आई समोर, व्हरांड्यात गावाकडचे चार लोक. त्यांच्या देखत हे सांगणारा मी कोण? केसपेपरवर ‘व्यसन नाही’ असे लिहिले गेले.

या तीन अक्षरांच्या ‘व्यसन’ शब्दाने पुढे काय केले ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. तिसऱ्या रात्री साडूंचे हात थरथरू लागले. घाम फुटला. भिंतीवर मुंग्या चालताहेत असे ते सांगू लागले आणि सलाइनची सुई उपटून पलंगावरून खाली उतरू पाहू लागले. आईला वाटले, बाहेरचे काही तरी लागले. तिने मुठीत मीठ-मोहऱ्या आणून ठेवल्या होत्या. डॉक्टरांना वाटले, आजार मेंदूपर्यंत गेला. त्यांची मेंदूचा स्कॅन करण्याची धावपळ सुरू झाली. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असेच होते. आधी ठाऊक असेल तर त्यावर औषध देता येते, ब जीवनसत्त्वाची इंजेक्शने देता येतात. ठाऊक नसेल तर याच अवस्थेत माणूस दगावूही शकतो. त्याच डॉक्टरांनी मला जिन्यात गाठले. ‘काका, आता तरी खरे सांगा.’ मी सांगितले. पंधरा मिनिटांत औषध बदलले, सकाळपर्यंत माणूस शांत झोपला. ते पहिल्याच दिवशी सांगायला मला पंधरा सेकंदसुद्धा लागली नसती.

मी ज्यांना ज्यांना हे सांगितले त्या डॉक्टरांपैकी कोणालाच आश्चर्य वाटले नाही. त्यांच्या मते ही रोजची गोष्ट आहे. एकाने मात्र फार मोलाचे सांगितले: प्रश्न एकट्या रुग्णाला विचारावा, नातेवाइकांना बाहेर काढून विचारावा, आणि ‘घेता का?’ असे न विचारता ‘किती घेता?’ असे विचारावे. आमच्या वेळी हे झाले नाही याचा राग मला आहे. पण त्या मुलाच्या वॉर्डात त्या रात्री चाळीस रुग्ण होते हेही मी पाहिले. दोष वाटून घ्यायचा तर मोठा वाटा आमच्याकडेच येतो.

आता या नाण्याची दुसरी बाजू. साडूंच्या शेजारच्या पलंगावर ज्या रुग्णाला आणले होते त्याची बहीण बायकांच्या वॉर्डात होती, त्याच आजाराने. पैठण तालुक्यातली, तिशीची, तीन लेकरांची आई. तिला कारण खडा होता. भाऊ घरी जाऊन काय सांगावे या विवंचनेत, कारण गावात कोणीतरी म्हणाले होते की हा आजार दारुड्यांना होतो. त्या बाईने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता! पित्ताचे खडे पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होतात, बाळंतपणांनंतर त्यांचा संभव वाढतो, वजन भराभर वाढले किंवा भराभर घटवले तरी वाढतो. आणि मोठ्या खड्यापेक्षा बारीक खडा अधिक घातकी, कारण तोच घरंगळत नळीत जातो. ‘बारीकच आहेत, राहू द्या’ असे सोनोग्राफीचा कागद पाहून म्हणणारे पाहुणे प्रत्येक घरात असतात. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. याखेरीज दारूही नाही, खडेही नाहीत अशी तरुण मुलेही या आजारात सापडतात. केरळात अशा दीर्घकालीन दाहाचे रुग्ण पूर्वीपासून पुष्कळ आढळले आणि काहींत जनुकांमधला दोष पुढे सापडला. म्हणजे आपल्या समाजाची कमाल अशी की पिणाऱ्याचे पिणे आपण लपवतो आणि न पिणाऱ्यावर आळ घेतो.

त्या बाईंचे प्रकरण मनाला चटका लावणारे आहे. दाह सौम्य होता, पाच दिवसांत उतरला. याच मुक्कामात पित्ताशय काढून टाकू, असे शल्यचिकित्सकांनी सांगितले. नवरा म्हणाला, कापसाची वेचणी होऊ द्या, दिवाळीनंतर पाहू. हे नवऱ्याच्या दुष्टपणाने झाले नाही. वेचणीला मजूर मिळत नाहीत, घरची बाई म्हणजे अर्धी मजुरी. पण हॉलंडमधल्या शल्यचिकित्सकांनी २०१५ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासून पाहिला: सौम्य दाहानंतर त्याच मुक्कामात शस्त्रक्रिया करावी की काही आठवडे थांबावे? थांबलेल्यांपैकी १७ टक्के लोक खड्यांचा त्रास घेऊन परत आले, लगेच केलेल्यांपैकी ५ टक्के. वेचणी कोणासाठी थांबत नाही, तसा खडाही थांबत नाही.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून नातेवाईक डॉक्टरांकडे ज्या मागण्या करतात त्यांचीही मला आता मौज वाटते, कारण त्यातल्या सगळ्या मी स्वतः केल्या. भारी अँटिबायोटिक का देत नाही? लगेच सीटी स्कॅन का नाही? ऑपरेशन करून तो सडलेला भाग काढून का टाकत नाही? रोज लायपेज तपासा, आकडा किती उतरला ते कळू द्या. या एकेका मागणीचे उत्तर मला नंतर मिळाले. जंतुसंसर्ग झाल्याचा पुरावा नसताना अँटिबायोटिकचा उपयोग नाही. सीटीत पिंडाचा किती भाग मेला हे पहिल्या दोन-तीन दिवसांत नीट दिसतच नाही. लायपेजचा आकडा निदानाला कामाचा. तो हजारात गेला म्हणून आजार गंभीर आणि शंभरात आला म्हणून बरा, असे नसते. आणि शस्त्रक्रिया? एके काळी पोट उघडून मेलेला भाग खरवडून काढीत आणि त्यात पुष्कळ माणसे जात. २०१० मध्ये हॉलंडमध्येच सिद्ध झाले की आधी बाहेरून नळी घालून पू काढावा, भागले नाही तरच पुढची पायरी. नळीवरच काम भागलेले रुग्ण तिसऱ्या हिश्शाहून अधिक निघाले.

खाण्याचेही तसेच. ‘पिंडाला विश्रांती’ म्हणून आठ-आठ दिवस उपाशी ठेवण्याची पद्धत आता मागे पडली. उलटी थांबली आणि भूक लागली की एक-दोन दिवसांतच हलके, कमी तेलाचे जेवण सुरू करतात. तोंडाने जात नसेल तर नाकातून नळीने देतात, कारण आतडे रिकामे राहिले तर त्यातले जंतू बाहेर पडतात. आमच्या आजीबाई तांदळाची पेज घेऊन दारात उभ्या होत्या आणि आम्हीच त्यांना ‘उपास आहे’ म्हणून परत पाठवीत होतो. ‘सुईने भागतंय का?’ असे त्या विचारीत. त्यांचे बरोबर होते.

मग खरा उपचार कोणता? ऐकून निराशा होईल, पण तो आहे सलाइन, वेदनाशामक आणि डोळ्यांत तेल घालून पाहारा. दाह झालेल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांतले पाणी झिरपून बाहेर जाते, मूत्रपिंडे कोरडी पडतात. ते पाणी पहिल्या २४ तासांत भरून काढले पाहिजे. किती, हेही मोजून: २०२२ मध्ये भारतासह चार देशांत झालेल्या चाचणीत बेताने सलाइन दिलेले रुग्ण धो-धो दिलेल्यांपेक्षा सुरक्षित निघाले. रामबाण गोळी अजून नाही. पाचांपैकी चौघांचा आजार सौम्य असतो, आठवड्याभरात ते घरी जातात. पाचवा कोण, हे पहिल्या दिवशी कपाळावर लिहिलेले नसते; म्हणून घरातले ते १६ तास महाग पडतात. पोटाच्या वरच्या भागात अचानक कळ, ती पाठीत जाणारी, सोबत थांबत नसलेल्या उलट्या, आणि इंजेक्शनचा उतार ओसरला की पुन्हा तीच कळ, हे दिसले की पित्ताची गोळी ठेवून द्यावी आणि गाडी काढावी. अशीच कळ हृदयविकाराचीही असू शकते, तिथेही घाईच बरी.

पैशाचे बोललेच पाहिजे. अतिदक्षता विभागातले १९ दिवस काय असतात हे आम्ही पाहिले; मेव्हणीचे गंठण गेले. घाटीत, म्हणजे पाणचक्कीजवळच्या १९५६ पासूनच्या आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, पाच-सहा जिल्ह्यांतले लोक येतात ते हौसेने नव्हे. खाजगी रुग्णालयात जायचे तर दाखल होतानाच महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला गाठून, आपला आजार आणि हे रुग्णालय योजनेत बसते का, ते विचारावे. आम्ही सहाव्या दिवशी विचारले.

आता दारूविषयी, आणि इथे मी थोडे कडू बोलणार आहे. आपले शहर बिअरच्या कारखान्यांचे शहर आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाला या मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश द्यावा लागला होता. त्या काळात पाण्यावर जेवढी चर्चा झाली त्याच्या शतांशानेही त्या पाण्याचे पुढे काय होते यावर झाली नाही. ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ हे वाक्य इथल्या सुशिक्षित घरांतही ऐकू येते. साधे गणित आहे. साठ मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे २५ मिलिलिटर मद्यार्क असतो. ६५० मिलिलिटरच्या, आठ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या बाटलीत ५२. म्हणजे एक बाटली म्हणजे दोन पेग. माझे साडू रोज दोन ‘फक्त बिअर’ घेत. स्वादुपिंडाला लेबल वाचता येत नाही. विडी-सिगारेटही या दाहाचे स्वतंत्र कारण आहे, हे तर आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते.

पहिला झटका ओसरला की माणूस पुन्हा पितो, पुन्हा झटका येतो, आणि अशा चार-सहा फेऱ्यांनंतर पिंड आक्रसून त्यात चुनखडे साठतात. मग जेवल्यावर रोजची कळ, तेलकट, तरंगणारी शौचे, वजनाची घट आणि शेवटी मधुमेह. तेव्हा पाचकरसाच्या कॅप्सूल जेवणाच्या घासाबरोबर घ्याव्या लागतात, उपाशीपोटी नव्हेत. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात, हे ऐकून आपल्याकडची हिंदू शाकाहारी आणि मुसलमान अशी दोन्ही घरे सारखीच दचकतात. डॉक्टरांनी ते आधी सांगून संमती घ्यावी.

दारू सुटावी यासाठी रुग्णालय सोडताना कागदावर ‘मद्य वर्ज्य’ असे लिहून देतात. एवढ्याने दारू सुटली असती तर फार बरे झाले असते. फिनलंडमध्ये २००९ मध्ये करून पाहिले: दाह होऊन गेलेल्यांशी दर सहा महिन्यांनी परिचारिकेने बसून बोलायचे, दोन वर्षे. ज्यांच्याशी एकदाच बोलले त्यांच्यापेक्षा यांचे पुन्हा दाखल होणे कमी झाले. यंत्र नाही, औषध नाही, नुसते बोलणे! आपल्याकडे मोठ्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते आहे, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा गावोगाव भरतात. वॉर्ड आणि ही ठिकाणे यांच्यामध्ये पूल तेवढा नाही. दाहाच्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी व्यसनमुक्तीच्या समुपदेशकाकडे नेऊन बसवलेच पाहिजे, असा नियम करायला किती खर्च येईल? गावात उभी बाटली-आडवी बाटलीचे मतदान घेऊन दारूचे दुकान बंद करणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. त्याच बाया रुग्णालयात मात्र ‘ते घेत नाहीत हो’ असे सांगतात. अब्रू जाईल ही भीती. मी त्यांना नावे ठेवीत नाही, मीही तीच भीती बाळगून जिन्यापर्यंत गप्प होतो.

साडू वाचले. वजन १४ किलो घटले, साखरेची गोळी लागली, रजा संपून बिनपगारी झाली. समुपदेशकाकडे पहिल्या दोन वेळा ते मेव्हणीने ओढून नेले म्हणून गेले, तिसऱ्यांदा स्वतःहून. तपासणीला गेलो असताना पैठणच्या त्या बाईंचा भाऊ भेटला. दिवाळीच्या आधीच तिला दुसरा झटका येऊन गेला होता, या खेपेला अतिदक्षता विभागात, आणि शस्त्रक्रिया आता नव्या वर्षात होणार होती.

यंदाच्या अमावास्येला मी मुद्दाम साडूंकडे जेवायला होतो. वांग्याची भाजी, बाजरीची भाकरी, कणकेचे दिवे. नऊच्या सुमारास कंपनीतले तिघे मित्र दारात आले, नेहमीप्रमाणे बोलवायला. मेव्हणी पदर खोचून बाहेर गेली. मला वाटले, म्हणेल की ते बाहेरगावी गेलेत. ती म्हणाली, ‘भाऊजी, त्यांना दारूमुळे स्वादुपिंडाचा आजार झाला, मरता मरता वाचले. ते येणार नाहीत.’ तिघेही क्षणभर घुटमळले. दोघे फाटकाकडे वळले. तिसरा मागे राहिला आणि हळू आवाजात विचारू लागला, ‘वहिनी, ती रक्ताची तपासणी कोणती करतात? माझंही हल्ली जेवल्यावर पाठीत दुखतं.’